सोळा पायऱ्या, चौसष्ट पायऱ्या

४ नोव्हेंबर, मंगळवार

डाव्या कानात कुकर लागलाय. शिट्टी होत नाही, नुसती वाफ. तीन आठवडे झाले.

आज कारंजाच्या दवाखान्यात दाखवलं. कानाचा डॉक्टर तिथं फक्त मंगळवारी येतो. तरुण आहे, बूट चकचकीत. लोखंडी चिमट्यासारखं काहीतरी स्वतःच्या गुडघ्यावर आपटून त्यानं माझ्या कानाशी धरलं, मग कपाळावर टेकवलं, मग दुसऱ्या कानाशी. मग बराच वेळ लिहीत बसला. डॉक्टर बराच वेळ लिहीत बसला की आपण भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. मी अख्खा नोव्हेंबर वाचला.

"काका, एकाच कानाचं आहे म्हणून म्हणतो. दोन्ही गेले असते तर मी वयावर ढकललं असतं."

म्हणजे माझं चुकलं ते अर्धाच बहिरा झालो हे.

आधी वाशीमला बंद खोलीतली तपासणी. त्यानंतर डोक्याचा एमआरआय. एका बाजूचंच असलं की नसेवर बारीक गाठ नाही ना, हे पाहावं लागतं म्हणे. "नसेलच. पण पाहावं लागतं. घाबरू नका."

तोवर मी घाबरलो नव्हतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

अंजनाला सांगितलं नाही. डॉक्टरची चिठ्ठी या वहीच्या पुठ्ठ्यात सारून ठेवली. वहीला ती हात लावत नाही. "तुमचं लिवलेलं पेपरात येतेच, मंग वहीत कायले पाहू?" लग्नाच्या बायकोचं हे समीक्षण.

वाशीमला जायच्या ऐवजी धम्मरत्नकडे गेलो. धम्मरत्नचा कारंजाच्या स्टँडमागे कॉम्प्युटर क्लास आहे. त्याच जागी पंच्याण्णव साली व्हिडिओ गेमचं दुकान होतं, मी तिथं कॅसेट बदलायच्या कामाला होतो आणि हा गिऱ्हाईक. तो गेम खेळायचा. मी पाठमोरा बसून संगीत ऐकायचो. तीन-चार पिपाण्यांत अख्खा बँड कसा बसवतात याचं तेव्हापासून वेड आहे. तीस वर्षं आम्ही दोघं म्हणतोय, एकदा असं संगीत करू.

आता तो मागेच लागलाय. अकरा वर्षं मी साप्ताहिकात तिरकं लिहितोय, त्याचं म्हणणं, "लोकं वाचून नाही राह्यले, राज्या. लोकाईले वाजवून दाखव." गेम नाहीच, फक्त गेमचं संगीत. नाव — तहसील. पहिली पातळी आवक-जावक. दुसरी, सही राहिली. तिसरी, लिंक नाही. शेवटच्या पातळीवर साहेब असतात आणि ते मीटिंगला गेलेले असतात. तहसीलच्या फाटकाबाहेर टेबल टाकून अर्ज लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला याच्या चाली शोधाव्या लागत नाहीत. त्या रोज कानावर पडतात.

पडायच्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हे संगीत ज्याच्यावर करतात त्याला ट्रॅकर म्हणतात. धम्मरत्ननं तीन दाखवले. कोणता घ्यायचा ते मी ठरवायचं.

पाहिल्याबरोबर मला ते ओळखीचं वाटलं. हा तर सातबारा! उभे रकाने, आडव्या ओळी. प्रत्येक ओळीत कोणता सूर, कोणत्या वाद्याचा, किती मोठ्यानं. मधली पट्टी जागच्या जागी आणि ओळी खालून वर सरकत जातात. जी ओळ पट्टीखाली येते ती वाजते. सातबाऱ्यापेक्षा फरक एवढाच की यातली चूक लगेच ऐकू येते.

फर्नेस: यात सगळं आहे. जगातल्या जुन्या सगळ्या गेमांच्या चिपा. कोणती खिडकी कशाची ते कळेना. असं एक ठिकाण मी रोज पाहतो, त्यासाठी कॉम्प्युटर नको.

फॅमिट्रॅकर: आमच्या दुकानातल्या गेमच्या डब्यासारखा. पाच आवाज, बास. डावं-उजवं नाही, एकच तोंड. आवाज लहान-मोठा करायच्या सोळा पायऱ्या, शून्यापासून पंधरापर्यंत.

मिल्कीट्रॅकर: डावं वेगळं, उजवं वेगळं. आवाजाच्या चौसष्ट पायऱ्या.

"सोळा का चौसष्ट, एवढाच सवाल हाये," धम्मरत्न म्हणाला. मी म्हटलं विचार करून सांगतो. या जिल्ह्यात आजपर्यंत या विषयावर कोणी विचार करून सांगितलं नसेल.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी एक युक्ती सुचली. सुचली नसती तर बरं झालं असतं.

फॅमिट्रॅकरमध्ये एकच सूर पंधरा वेळा लिहिला. पहिला पंधराच्या जोरानं, मग चौदा, तेरा, असा उतरत एकपर्यंत. लॅपटॉपचा आवाज एका जागी पक्का केला. इअरफोनचं एकच बोंडूक आधी उजव्या कानात, मग डाव्या. वाशीमच्या बंद खोलीत हेच करतात. पूं वाजतं, ऐकू आलं की बटण दाबायचं. मग तिथं कशाला जायचं? आपलं आपण घरी.

उजवा कान: दोनपर्यंत ऐकू आलं.
डावा: पाचपर्यंत. चारला ओळ सरकली आणि काहीच झालं नाही.

परत केलं. पाच. परत. पाच.

मग सातला अंजनानं चक्की सुरू केली. आमच्या घराच्या पुढच्या खोलीत सतरा वर्षं पिठाची चक्की आहे, ती चालवते. पट्टा सुरू झाला की भिंतीसकट मीही थरथरतो. आज थरथर चक्कीच्या आधीच सुरू होती.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पाच. डॉक्टर कारंजात होता. मी टेबलावरून उठलो नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पाच. सहा दिवस झाले, हलत नाही. गाठ असती तर वाढली असती. गाठीला काय दुसरं काम असतं?

जेवताना अंजनाला उगाच म्हटलं, भाजी झकास आहे. तिनं ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "चटणी हाये ते."

१५ नोव्हेंबर, शनिवार

धम्मरत्नचं सोळावर भागत नाही. "मिल्की पाह्य ना यार. सोळात आवाज धपकन उतरते. चौसष्टात कसा उतरला तेच समजत नाही." त्याला वाटतं मी संगीताचं पाहतोय.

दोन्ही ट्रॅकरांचा आवाज सारखा करून घेतला आणि मिल्कीत मोजलं. डावा कान: अठरापर्यंत. बरं. फॅमिचे पाच म्हणजे साधारण तेवढेच.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मिल्की: एकोणीस. फॅमि: पाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मिल्की: वीस.
फॅमि: पाच.

म्हणजे पाच हे पाच नव्हतेच. सोळा पायऱ्यांची एकेक पायरी एवढी उंच, की तिच्यावर मी रोज थोडाथोडा घसरतोय आणि मला वाटतंय उभाच आहे. चौसष्टांच्या जिन्यावर मात्र दिसतं. पाच दिवसांत दोन पायऱ्या.

दुपारी टेबलावर एका म्हाताऱ्याचा वारसाचा अर्ज टाइप करताना एकाच वाक्यात मयत शब्द चारदा आला. एरवी मला त्यात काही वाटत नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. फॅमिट्रॅकर.

धम्मरत्नला कारणं दिली: खरा जुना आवाज. पाचच आवाजांत बसवण्यात मजा. जास्त पायऱ्या म्हणजे लाड. त्याला पटलं. म्हणाला, "तुह्यासारखा शुद्ध माणूस पाहिला नाही."

खरं कारण इथं लिहितो, कारण ही वही कोणी वाचत नाही. फॅमिट्रॅकरमध्ये मला काहीच झालेलं नाही.

मिल्की लॅपटॉपवरून काढून टाकला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

परत टाकला. एकवीस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

टेबलाच्या डाव्या बाजूची खुर्ची काढून झाडामागे ठेवली. गिऱ्हाईक डावीकडे बसलं की त्याचा आवाज वाफेतून येतो, मग मी "हं हं" म्हणत राहतो. आणि "हं हं" टाइप करता येत नाही. सगळे उजवीकडे.

बाबूसिंग आला होता. तांड्यावरचा, रस्त्याच्या तक्रारीचा हा त्याचा नववा अर्ज. उभ्याउभ्याच पाहत राहिला.

"वकीलसाहेब, इकडची खुर्ची?" (मी वकील नाही हे त्याला नऊ अर्जांत समजलेलं नाही.)

"मोडली."

तो झाडामागे जाऊन आला. "चांगली हाये की. मीच बसलो तिच्यावर आत्ता." मग उजवीकडे बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "कोणाशी भांडण झालं का त्या बाजूच्या?"

हसलो. त्याच्या ओठांकडे पाहत हसलो. आठवडाभर मी सगळ्यांच्या ओठांकडेच पाहतोय. बाबूसिंगच्या मिशा ओठांवर आल्यात. त्याचा अर्धा अर्ज मी मागच्या आठ अर्जांवरून लिहिला.

माझं लिहिणं कुठून येतं ते मला माहीत आहे. डोक्यातून नाही. फाटकाशी दोन शिपाई काय बोलले, गावाहून येताना जीपमध्ये मागच्या सीटवर कोणती बाई कोणाला काय म्हणाली, त्यातून. लोक म्हणतात याची जीभ तिखट. जीभ कसली? मी चोरून ऐकणारा माणूस आहे. कान गेले की मी साप्ताहिकात काय लिहिणार, हवामान?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

अंघोळ करताना ध्यानात आलं आणि तसाच ओला उभा राहिलो.

मी मोजताना स्क्रीनकडे पाहतो! ओळ पट्टीखाली आली की आता वाजणार हे मला आधीच ठाऊक असतं. डोळा सांगतो वाजलं, कान म्हणतो हो. याला ऐकणं म्हणत नाहीत. मागचे सगळे आकडे खोटे. खरे यापेक्षा वाईट असणार.

कोणीतरी दुसऱ्यानं वाजवायला पाहिजे आणि मी भिंतीकडे तोंड करून बसायला पाहिजे. घरात दुसरं माणूस एकच आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

अंजनाला सांगितलं, गाण्याच्या कामासाठी पाहिजे. खोटं नाही ते पूर्ण.

दुपारी चक्की बंद असते तेव्हा बसलो. तिला शिकवलं: हा आकडा बदलायचा, ही कळ दाबायची, मधूनच थांबायचं, क्रम मोडायचा. मी भिंतीकडे तोंड केलं, ऐकू आलं की बोट वर. तिनं कागदावर बरोबर-चूक लिहायचं. पिठाच्या हातानं तिनं कळा दाबल्या, लॅपटॉपवर अजून पांढरे ठसे आहेत.

उजवा कान: तीन.
डावा: आठ.

पाच नाही. आठ.

"पास का नापास?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, गाण्याला चालेल.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पण आठ म्हणजे किती? चांगल्या कानाला काय ऐकू येतं हे कुठं माहीत आहे मला? लॅपटॉपचा आवाजच बारीक असेल. इअरफोन जत्रेतला असेल. चांगल्या कानालाही पाच-सहाच येत असतील तर मी इतका घाबरून काय करतोय?

म्हणून आज अंजनाचे कान मोजले. या वेळी काळजी घेतली, फसायचं नाही. स्क्रीन माझ्याकडे फिरवली, तिला लॅपटॉपची नुसती पाठ. ती समोर पाटावर, मी पलंगावर. सूर वाजवायला कळ दाबायची.

पंधरा. बोट वर. दहा. वर. सहा. चार. दोन. वर, वर, वर. मध्ये मी मुद्दाम थांबलो, तर बोट खाली. एक! माझ्या कुठल्याच कानाला एक कधी ऐकू आलेला नाही. तिचं बोट वर. इतकी तयार की एकदा तर सूर निघायच्या आतच बोट वर आलं.

कान बदलला. तेच. पैकीच्या पैकी.

"झालं?" म्हणाली. "बाहेर पुंजाजी डबा घेऊन उभा हाये." पुंजाजी शेजारचे, ज्वारी घेऊन आले होते. खिडकीतून दिसत होते.

सतरा वर्षं त्या पट्ट्याच्या खडखडाटात उभ्या बाईला एकपर्यंत ऐकू येतं आणि मला, टेबलाशी बसून अर्ज लिहिणाऱ्याला, आठ. म्हणजे लॅपटॉप चांगला आहे. इअरफोन चांगला आहे. आवाज बरोबर आहे. वय नाही, गोंगाट नाही.

म्हणजे तेच आहे. डॉक्टर म्हणाला ते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

गाठ.

लिहून पाहिलं. दोनच अक्षरं आहेत.

३० नोव्हेंबर, रविवार

धम्मरत्न घरी आला, पहिल्या पातळीचं संगीत ऐकायला. ते मी मिल्कीतच केलं होतं, त्याला न सांगता. आवक-जावकची चाल छान जमलीय, शिक्का मारल्यासारखा ठेका. त्यानं दोन्ही कानांत बोंडकं घातली आणि लगेच डावं काढलं.

"काय करून राह्यला बे? डाव्या बाजूनं हातोडी मारून राह्यला नुसती. उजवीकडे कोणी मेलं का?"

मी डावीकडचे सगळे आवाज वाढवत गेलो होतो, मला दोन्ही बाजू सारख्या वाटेपर्यंत. माझ्या डोक्याच्या मापाचं संगीत झालं ते. दुसऱ्या कोणाच्या डोक्याला होत नाही.

म्हटलं, तहसीलचं आहे, एका बाजूनं झुकलेलंच पाहिजे. तो हसला. हसत हसत माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं त्यानं.

अंजना चहा घेऊन दारात उभी होती. ती हसली नाही.

१ डिसेंबर, सोमवार

तिला कळलं.

जेवणं झाल्यावर समोर येऊन बसली. ती बोलायची असली की नेहमी समोर येऊन बसते, आणि मला पोलीस स्टेशनात बसल्यासारखं वाटतं.

"खुर्ची कायले काढली टेबलाजवळची? बाबूसिंगची बायको सांगत व्हती चक्कीवर."

मी काही बोलायच्या आत:

"जीपमध्ये खिडकीजवळ बसता आजकाल, उजवा कान आतल्या बाजूले येईन असे. समोरचा हसला की मंग हसता. 'हं हं' म्हंता. कोणी इचारलं त 'बरोबर हाये' म्हंता. परवा सुकेशनीनं तुमाले इचारलं कधी येता, त तुमी म्हनले बरोबर हाये." सुकेशनी तिची बहीण. खरंच तसं म्हणालो का मी?

मग हळूच: "कोणता कान?"

एकवीस वर्षांचा संसार. ही बाई माझा एकही लेख शेवटपर्यंत वाचत नाही. आणि माझी एकेक लबाडी तिनं अशी मोजून पुढं ठेवली, जणू तिनंच मला शिकवली होती. मी ज्या लबाड्या महिनाभर घाम गाळून शोधल्या त्या सगळ्या तिला नावानिशी माहीत.

चिठ्ठी काढून दिली. तिनं दोनदा वाचली. गाठ या शब्दावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवलं.

"महिना झाला याले."

"हो."

"एकटेच भेत बसले?"

मी खाली पाहून काहीतरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही. तिनं माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "वर पाहून बोला. काय म्हनले?"

"भ्यालो, म्हटलं."

"हं," ती म्हणाली. "वाशीमले जाऊ. मी येतो संग."

३ डिसेंबर, बुधवार

वाशीमला फोन केला. दहा तारखेची वेळ मिळाली. एकदा मिळाल्यावर वाटलं, इतक्या लवकर कशाला देतात?

६ डिसेंबर, शनिवार

सकाळी विहारात मेणबत्त्या, वंदना. मग दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो सगळे. इतकी माणसं आणि इतकी शांतता. शेजारी लहान मुलंसुद्धा गप्प. फक्त माझ्या डाव्या कानात वाफ चालू. वाटलं, सगळ्यांना ऐकू येतेय ती.

७ डिसेंबर, रविवार

मोजलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

पल्लवीचा फोन आला, नागपूरहून. पोरगी तिथं बीएस्सीला आहे. अंजनाला साधा फोन चालत नाही, व्हिडिओच लागतो. तोंड दिसल्याशिवाय पोरीशी काय बोलायचं, असं तिचं म्हणणं. मी शेजारी बसलो, उजवी बाजू फोनकडे करून. पल्लवी म्हणाली, "बाबा, तुम्ही असे तिरपे का बसलात?" अंजना म्हणाली, "मान धरली त्यायची."

किती सफाईनं बोलली. मला लेखात चार वेळा खोडावं लागलं असतं.

फोन ठेवल्यावर बाहेर गेलो आणि म्हशीच्या गोठ्यापर्यंत जाऊन परत आलो. पल्लवीचं लग्न, तिचं पहिलं पोर, ते आजा म्हणेल ते कोणत्या कानाला ऐकू येईल? की ते पाहायला डोकंच जागेवर नसेल? असले विचार मी दुसऱ्याच्या कथेत वाचले असते तर खरडून काढले असते.

९ डिसेंबर, मंगळवार

धम्मरत्नला सांगितलं. तो म्हणाला, "मंग ते हातोडीचं..." मी म्हटलं, हो. त्यानं परत ते संगीत लावलं, डावं बोंडूक काढून फक्त उजवं ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. "असं बरोबर लागते," म्हणाला. नंतर चष्मा पुसत बसला. त्याचा चष्मा स्वच्छ होता.

उद्या सकाळी सहाची बस.

१० डिसेंबर, बुधवार, वाशीम, दुपारी बारा

बाकावर बसून लिहितोय. हाताला काहीतरी काम पाहिजे.

तपासणीची खोली म्हणजे खोलीच्या आत ठेवलेलं एक कपाट आहे. जाड दार, आत गादीसारख्या भिंती, एक खुर्ची, एक छोटी काच. दार लावलं की आतला माणूस जगातून गेला. तपासणी करणाऱ्या बाई आहेत, मंजुषा नाव. बोलायला चांगल्या. "काका, या." मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आहे आणि मला त्या कपाटात जायचं नव्हतं. आत काय कळेल ते बाहेर येताना माझ्याबरोबर येणार.

अंजनाला म्हटलं, तू आधी बस. मला पाहू दे काय करतात. तुझे कान चांगले आहेत, तुझं पटकन होईल.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मले कायले?"

"दोन मिनिटं. माझ्यासाठी."

मंजुषाबाई म्हणाल्या, आज गर्दी नाही, बसवा काकूंना. अंजना अजून उभीच. मग पदर खोचला आणि आत गेली, चक्की सुरू करायला जाते तशी. दार लागलं.

खुर्ची पलीकडे तोंड करून आहे. काचेतून तिची पाठ दिसतेय, डोक्यावर तो मोठा हेडफोन आणि मांडीवरचा हात. हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं, बाहेर दिवा लागतो.

मंजुषाबाई मशीनची चकती फिरवतायत. दाबतायत. थांबतायत. फिरवतायत.

दिवा लागत नाहीये.

परत फिरवली. आता बरीच जास्त. अंजनाचा अंगठा बटणावर तसाच. तिनं मान वळवून काचेकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, मंजुषाबाईंच्या हाताकडे. बाईंनी खूण केली, पुढं पाहा. तिनं पुढं पाहिलं.

मशीन बिघडलंय बहुतेक. आता माझं कशावर करणार? सकाळी सहाची बस पकडून आलो.

११ डिसेंबर, गुरुवार

मशीन चांगलं आहे.

माझीही तपासणी झाली. एमआरआय सोमवारी, अमरावतीला. त्याचं काय व्हायचं ते होईल.

घरी दोघं पाटावर समोरासमोर बसलो. म्हटलं, त्या दिवशी एकपर्यंत बोट वर केलंस ते कसं? म्हणाली, "तुमचा खांदा हाले कळ दाबताना. भिवई बी वर जाय तुमची." मग कधीपासून ऐकू येत नाही, विचारलं. आवाज न काढता विचारलं, नुसते ओठ हलवून. तिनं लगेच उत्तर दिलं.

"पल्लवी पोटात व्हती तवापासून."

पल्लवी एकोणीस वर्षांची आहे.